ज्याचं मन न्हाई, त्यानं म्होरं जायचं

ग्रामसभा संपत आली की माणसं आधी चपला शोधतात, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकले. गावातले म्हातारे आबा ते माझ्या आधीपासून ओळखून होते. म्हणून सभेत ते कधी खुर्चीवर बसले नाहीत की सतरंजीवर बसले नाहीत. दारातच, चपलांच्या ढिगाला लागून मांडी घालायचे आणि काठी उंबऱ्यावर आडवी टाकायचे. अर्ध्यातून कुणी सटकायला लागला की मान वर करून विचारायचे, "मत काय तुझं? सांग आन् जा." मत सांगण्यापेक्षा परत जागेवर जाऊन बसलेलं बरं, असं बहुतेकांना वाटायचं. त्यामुळे आमची सभा तालुक्यात सगळ्यात भरलेली असायची, आणि त्याचं श्रेय वर्षानुवर्षं मी घेत आले.

गाव शिरूर तालुक्यातलं, कारेगावच्या पलीकडचं. नाव सांगत नाही. कंपन्या आल्यापासून गावात घरांपेक्षा भाड्याच्या खोल्या जास्त झालेल्या, आणि दुकानात मराठीपेक्षा हिंदी जास्त. मी तिथं ग्रामसेविका म्हणून हजर झाले तेव्हा बत्तीस वर्षांची होते. नवरा आणि पोरगी दौंडला, मी रोज दोन बस बदलून यायची, त्यामुळे कायम करवादलेली असायची. ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणायची पद्धत. काही म्हाताऱ्यांच्या तोंडातली सवय जाईना, त्या मलाही भाऊसाहेबच म्हणायच्या. बाकीचे मॅडम. आबा एकटे बाई म्हणायचे.

माझी पहिलीच सभा. गावातल्या नव्या दिव्यांचा ठराव मी घरूनच लिहून आणला होता. सगळेच आणतात. आबांनी दारातून हाक दिली, "बाई, काय लिवलंय ते वाचा की मोठ्यानं."

मी वाचलं. शेवटी "सर्वानुमते मंजूर" असं वाचलं.

"सर्वानुमते म्हंजी कुणाकुणाचं मत?"

"सगळ्यांचं, आबा."

"मला तर कुणी इचारलं न्हाई. ही बसलीया, हिला इचारलं का?" त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या पंचायतीच्या झाडूवालीकडे बोट केलं. ती बिचारी पदर तोंडात धरून हसायला लागली, मग सगळी सभाच हसायला लागली. मला असा संताप आला की सांगायची सोय नाही. मी म्हटलं, "एकेकाला विचारत बसले तर माझी शेवटची बस जाईल."

"मग जाऊ द्या की. बस उद्याबी येती. ठराव माघारी येत न्हाई."

त्या दिवशी माझी बस गेली. झाडूवालीचं मत काय होतं, ते मला आजही आठवतं. तिचं म्हणणं होतं की नवे दिवे चौकात लावू नका, विहिरीच्या वाटेवर लावा, कारण चौकात दुकानांचा उजेड असतोच. त्या हॉलमध्ये तोवर कुणालाही हे सुचलेलं नव्हतं.

आबा धनगर. लिहिता-वाचता येत नव्हतं, अंगठा द्यायचे, आणि तोही ठराव दोनदा ऐकल्यावर. तरुणपणी दिवाळी झाली की चारपाच घरं मिळून मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरायची, घोडीवर बिऱ्हाड घालून. आता त्या घरांतली पोरं कंपनीत सुपरवायझर होती. मेंढरं फक्त आबांकडं राहिली होती, चाळीसेक. सभेची त्यांची सगळी रीत त्या वाटेवरनं आलेली. एकदा पंचायतीच्या पायरीवर तंबाखू मळत त्यांनी मला ती सांगितली.

"तळ हालवायचा म्हणला की दोन वाटा असायच्या. समदे म्हणायचे, ह्या वाटंनं जाऊ. एखादा म्हणायचा, माझं मन न्हाई. मग त्यालाच म्होरं धाडायचं. चारा बघ, पाणी बघ, आन् माघारी यून सांग."

"त्यालाच का? जो तयार आहे त्याला पाठवायचं ना."

"ज्याला जायचंच हाय, त्याला वाटंत वाघ दिसत न्हाई, बाई. ज्याचं मन न्हाई, त्याला दगडाआडचाबी दिसतो. आन् त्योच यून म्हणला, चला, तर मग डोळं झाकून निघायचं."

"आणि मागं राहिलेल्यांनी काय करायचं?"

"त्यास्नी जे जे ठावं हाय, ते समदं त्याला सांगून धाडायचं. कुठं पाणी, कुठं चोर, कुणाचं रान. लपवायचं न्हाई. लपवलं तर तिथं जाऊन मरायचंय कुणाला?"

मी नुसतं "हं" म्हटलं. माझं लक्ष बसकडे होतं.

ही रीत त्यांनी घरात वापरली, गावात वापरली. लेकीला पाटसकडचं स्थळ आलं तेव्हा बायकोचं मन नव्हतं. उसाचं गाव, माणसं कशी असतील, पोरगी एकटी पडेल, अशी तिची भुणभुण. आबांनी तिलाच एकटीला एसटीत बसवून दिलं: जा, त्यांच्या घरी चार दिवस राहून ये. मुलाकडचे चक्रावले. भावकी हसून हसून मेली, विहीण आधीच नांदायला निघाली म्हणाली. चौथ्या दिवशी ती परत आली आणि म्हणाली, "पोरगं कामाचं हाय, सासू जेवायच्या आदी सुनंला हाक मारती. द्या." दिली. ती लेक सुखात नांदली. बायको मात्र मी यायच्या आधीच गेली होती, आणि हा किस्सा सांगताना आबा दरवेळी तिचा आवाज काढायचे.

सभेत कशालाच विरोध नसला की त्यांना चैन पडायचं नाही. "कुणाचं मन न्हाई असं कुणीच न्हाई? बरं, मग माझं न्हाई." झालं. सभा लांबली. लोक डोक्याला हात लावायचे. आबा दुसऱ्या दिवशी काठी घेऊन जागा बघायला निघायचे, भर उन्हात. चहा घेणार का, या प्रश्नालासुद्धा त्यांनी कधी लगेच हो म्हटल्याचं मला आठवत नाही.

पण ही रीत चालायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा निधी आला आणि त्यात काम एकच बसत होतं. एकतर गावाच्या वेशीवर कमान, नाहीतर शाळेत मुलींसाठी शौचालय. कमानीच्या बाजूनं अण्णा होते. अण्णा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, गळ्यात साखळी, शब्दाला वजन. कमानीवर वडिलांचं नाव यावं ही त्यांची हौस. आबा म्हणाले, "अण्णा, शौचालयाला तुमचं मन न्हाई नव्हं? मग तुम्हीच म्होरं. एक दिस शाळंत बसून या." सभेसमोर नाही कसं म्हणणार? अण्णा गेले. लहान पोरांच्या बाकावर दहा ते पाच बसले. पुढच्या सभेत उठले आणि म्हणाले, "पोरी दिवसभर पाणी पीत न्हाईत. प्यायलं तर जायचं कुठं? माझी पुतणीबी त्यात हाय. मला म्हाईत नव्हतं." एवढं बोलून बसले. कमान राहिली ती राहिलीच. पुढच्या निवडणुकीत अण्णा सरपंच झाले, त्याला ते शौचालय बरंच कामी आलं.

आता पाण्याचं सांगते.

आमच्या बोअरचं पाणी बिघडलं होतं. कशानं, ते कुणी छातीठोक सांगेना. चहा टाकला की दूध फाटायचं, हंड्याला पांढरा थर बसायचा. ज्याला परवडेल तो जार घ्यायचा, खोल्यांवरचे तेच पाणी फडक्यानं गाळून प्यायचे. शेवटी योजना मंजूर झाली. लांबून पाणी आणायचं, गावात उंचावर टाकी बांधायची, शेजारी शुद्धीकरणाचं केंद्र. उंच जागा म्हणजे गायरानातली टेकडी. गायरान तसं संपलंच होतं. शाळा, वीज केंद्र, स्मशानभूमी, एकेक करून सगळं त्यातच बसलेलं. उरली होती ती मुरमाड टेकडी, आणि तिच्यावर आबांची मेंढरं.

सभेत विषय निघाला आणि आबा दारातून म्हणाले, "माझं मन न्हाई."

लोक हसले. ते रोजचंच होतं. पण आबा उभे राहिले, आणि सभेत ते उभे राहिल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. "हसू नगा. आज खरंच न्हाई. पावसाळ्यात काळ्या रानात मेंढरू हुभं केलं तर खूर सडत्यात. मुरमाचा माळ तेवढा एकच हाय. त्यो गेला की माझी मेंढरं गेली."

मग अण्णाच म्हणाले, अगदी आदरानं म्हणाले, "आबा, रीत तुमचीच. ज्याचं मन न्हाई, त्यानं म्होरं जायचं."

आबांनी मान हलवली. "जातो की. आठ दिस द्या."

त्या आठ दिवसांत म्हातारा घरोघर फिरला. प्रत्येक घरी पाणी मागून प्यायला. खोल्यांवरसुद्धा गेला, आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलला. उताराच्या अंगाला राहणाऱ्यांकडे नळ कसा येतो, उंचाच्या अंगाला कसा, सगळं पायानं पाहिलं. आठव्या दिवशी दुपारी ते माझ्या ऑफिसात आले आणि दारातच उकिडवे बसले. चेहरा उतरलेला होता.

"बाई, तिकडं बिहारची एक पोरगी हाय, दोन म्हैन्याचं लेकरू हाय मांडीवर. त्येच पाणी गाळून दुधात घालती. म्या बघून आलो." मग म्हणाले, "टाकी पायजे. आता एकच इचारायचंय. टेकडीबिगर दुसरी उंच जागा हाय का? वरच्या आळीला, रोडच्या कडंला, जिथं खोल्या झाल्यात, ती जागाबी उंच दिसती मला. पर ती कुणाची, ते पायानं कळत न्हाई. त्ये कागदात असतंय. तुम्ही वाचता."

ती जागा पंचायतीची होती. इंजिनियरच्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: पर्यायी जागा, ग्रामपंचायत मालकीची, योग्य, अतिक्रमण काढावे लागेल. अतिक्रमण म्हणजे अण्णांच्या भावाच्या खोल्या. ते पान माझ्या मागच्या कपाटात होतं, आबांपासून पाच पावलांवर. अण्णांनी मला आधीच सांगितलं होतं, "मॅडम, दुसरं पान आत्ता नको. उगाच कोर्टकचेरी होईल, पाणी लांबेल." आणि मग, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, "तुमच्या दौंडच्या बदलीचं मी बोललोय बरं का वर."

पोरगी तेव्हा पहिलीत होती. मी घरी पोचायची तेव्हा ती झोपलेली असायची.

"नाही, आबा," मी म्हटलं. "दुसरी जागा नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, संशयानं नाही. पटकन उठलेसुद्धा. "मग झालं," म्हणाले.

मी स्वतःला त्या वेळी काय काय समजावलं! खोट्यात कोर्टाचं तेवढं खरं होतं. खटला चालला असता, वर्षं गेली असती, ते लेकरू तोवर तेच पाणी प्यायलं असतं. कदाचित गावानं सगळं ऐकून टेकडीच निवडली असती. कदाचित आबांनीच निवडली असती. पण ते ठरवायचं गावानं होतं, आणि मी पाच पावलांवरचं कपाट उघडलं नाही. बदलीसाठी उघडलं नाही. दुसरं कारण नव्हतं.

सभेत आबा म्हणाले, "म्या बघून आलो. जागा बरूबर हाय. घ्या." ठराव मी वाचला. सर्वानुमते मंजूर, हेही वाचलं. या वेळी त्यांनी कुणाकुणाचं असं विचारलं नाही, आणि दोनदा वाचायला न लावता अंगठा दिला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. म्हातारा केवढ्या मनाचा, असं सगळे म्हणत होते, आणि ते खरंच होतं.

पंधरा दिवसांनी व्यापारी टेम्पो घेऊन आला. मी पंचायतीच्या पायरीवर उभी होते. फळी लावली, पण मेंढरं चढेनात. माणसांनी ओढलं, ढकललं, तरी एक पाय टाकेना. मग आबांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि स्वतः फळीवरून टेम्पोत चढले. तोंडानं त्यांनी तो आवाज काढला, रोज संध्याकाळी काढायचे तो, आणि सगळी मेंढरं मुकाट त्यांच्या मागं आत गेली. आत ती इतकी गच्च भरली की आबांना उतरायला वाटच राहिली नाही. दोघांनी हात धरून त्यांना बाजूच्या फळकुटावरून खाली घेतलं. त्याच आठवड्यात लेक आली आणि त्यांना पाटसकडं घेऊन गेली.

टाकी झाली. पाणी आलं, चांगलं आलं. चहा फाटायचा थांबला. माझी बदली झाली, दौंड तालुक्यातच, राहू गावाच्या बाजूला एका खेड्यात. मी संध्याकाळी घरी पोरीचा अभ्यास घ्यायला लागले. आणि दर सभेला, दारातल्या चपलांकडे नजर गेली की मला कपाटातलं ते पान आठवायचं. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, अगं, गावाला पाणी मिळालं ना, सोड आता. सुटेना. दीड वर्षानं एका रविवारी मी पाटसची बस धरली.

लेकीच्या घरापुढं बाजेवर आबा बसले होते. वाळले होते, पण मला पाहून तोंडभर हसले. "ह्याच त्या बाई," लेकीला म्हणाले. समोर त्या गावचे दोघं बसले होते, त्यांच्या स्मशानाच्या वाटेचा काहीतरी वाद होता, म्हाताऱ्याचं डोकं चालतं म्हणून विचारायला आलेले. आबा त्यांना म्हणाले, "ह्यास्नी इचारा. ह्या बाई कागद वाचून दाखवायच्या, म्हणून आमच्या गावचं एकबी काम चुकलं न्हाई." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ते दोघं गेल्यावर मी सांगितलं. दुसरं पान, खोल्या, अण्णा, बदली. रडले, माफी मागितली, काही ठेवलं नाही. लेक चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिली.

आबा म्हणाले, "पाणी येतंय नव्हं?"

"येतंय, आबा."

"खोल्यांवरबी?"

"तिथंही."

"ब्येस झालं." मला वाटलं, संपलं, सुटले मी. माफ केलं या माणसानं. तेवढ्यात त्यांनी मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, "आन् बाई, त्येच्या आदीचं?"

"आधीचं म्हणजे?"

"त्येच्या आदी मला इतक्या येळा म्होरं धाडलं. दुसऱ्यास्नी म्या धाडलं. तवाबी कपाटात काय काय ऱ्हायलं हुतं?"

"नाही हो आबा! तेव्हा सगळं वाचून दाखवलं होतं. शप्पथ. फक्त ही एकच वेळ."

"व्हय," ते म्हणाले.

एवढंच. रागावले नाहीत. लेकीला म्हणाले, बाईंचा चहा निवला, दुसरा कर. पण त्या "व्हय"मध्ये विश्वास नव्हता, आणि त्यांना तो आता कधीच ठेवता येणार नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. मी त्यांची मेंढरं नेली होती, ती त्यांनी सोसली होती. मी खरं बोलायला आले, माझ्या जिवाला हलकं वाटावं म्हणून आले, आणि त्या माणसानं जन्मभर जे केलं ते सगळं त्याच्या हातातून काढून घेतलं.

आबा गेल्याचं लेकीनं फोनवर कळवलं. त्या रविवारनंतर ते कुणाच्या बैठकीला गेले नाहीत, असं तिनं सांगितलं. स्मशानाच्या वाटेचं विचारायला ते दोघं परत आले, तर म्हणाले, तुमचं तुम्ही बघा, मला त्यातलं काय कळत न्हाई. ती माझ्यावर चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

मी त्या गावात सहा वर्षं काढली. त्या एका ठरावाआधी जेवढे ठराव झाले, त्यात मी एक ओळसुद्धा लपवली नव्हती. अगदी खरं सांगते, एकसुद्धा नाही.